कॅव्हेंडिश घराण्याची वंशावळ : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

वंशावळीचा आवाका आज ठरवला. इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात चॅट्सवर्थ येथे नांदणारे कॅव्हेंडिश घराणे, म्हणजेच डेव्हनशरचे ड्यूक, हा या कामाचा विषय आहे (ड्यूक ही तेथील सर्वांत वरची सरदारी पदवी; अर्ल आणि बॅरन या तिच्याखालच्या). सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंत एकाच घराण्याची जमीन, पदवी आणि वाडा यांचा माग सलग काढता येतो, अशी उदाहरणे इंग्लंडातही मोजकीच आहेत. शिवाय मराठी वाचकाला या घराण्यातील माणसे तुकड्यातुकड्यांनी आधीच भेटलेली असतात. सतीबंदीचा कायदा करणारा लॉर्ड विल्यम बेंटिंक, हायड्रोजनचा शोध लावणारा हेन्री कॅव्हेंडिश, केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा आणि जळगावच्या केळीची जात या सगळ्यांचा धागा एकाच झाडापाशी जाऊन पोहोचतो. ते झाड मराठीत पूर्ण मांडावे, हा उद्देश आहे.

मांडणीविषयी पहिला निर्णय असा, की तक्त्यात दोन वेगळ्या रेघा चालतील. तांबडी रेघ पदवीची आणि हिरवी रेघ जमिनीची. छापील वंशावळींमध्ये बाप, थोरला मुलगा, त्याचा थोरला मुलगा अशी एकच उभी रेघ असते आणि मुलींची नावे कडेला बारीक अक्षरांत येतात. त्या पद्धतीने पदवी कोणाकडे गेली एवढे कळते. पण चॅट्सवर्थ कोणी घेतले, आयर्लंडमधील किल्ला कोठून आला, लंडनचे वाडे कोणाच्या माहेरचे, हे कळत नाही. या घराण्याची जवळपास प्रत्येक मोठी मिळकत एखाद्या स्त्रीच्या हातून आलेली आहे. ते दिसत नसेल तर वंशावळ अपुरी राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक खुलासा तक्त्याच्या माथ्यावरच द्यावा लागेल. वतनाच्या तक्षिमा पडतात, थोरली पाती आणि धाकटी पाती आपापला वाटा घेऊन वेगळ्या होतात, या गोष्टीची आपल्याला सवय आहे. इंग्लंडातील जमीनदार घराण्यात जमीन थोरल्या मुलाकडे अखंड जाते; धाकट्यांना रोख रक्कम, सैन्यातील किंवा चर्चमधील जागा आणि नावामागे लागणारे ‘लॉर्ड’ एवढेच मिळते. त्यामुळे तेथील झाडाचे खोड जाड आणि फांद्या बारीक असतात, आणि एखादी फांदी जाड दिसली तर तेथे कोणा वारसदार मुलीशी लग्न झाले आहे, असे बहुतेक वेळा आढळते.

१२ जानेवारी २०२५

नावांची पद्धत ठरवली. पहिल्या अर्लपासून सातव्या ड्यूकपर्यंत पदवीधारक झालेल्या दहाही पुरुषांचे नाव विल्यम आहे, आणि पहिल्या अर्लच्या वडिलांचेही तेच. म्हणून प्रत्येकाला पदवी व क्रमांक यांनीच ओळखायचे आणि जन्म-मृत्यूची साले नावाला कायम जोडलेली ठेवायची. पदवी मिळण्याआधीच्या काळात ड्यूकच्या थोरल्या मुलाला ‘मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन’ म्हणतात. हे केवळ मानाचे संबोधन आहे, त्यामुळे त्याला तांबडी रेघ द्यायची नाही. आठवा ड्यूक आयुष्याची बहुतेक वर्षे राजकारणात लॉर्ड हार्टिंग्टन म्हणूनच वावरला, म्हणून त्याच्या चौकटीत दोन्ही नावे राहतील.

डेव्हनशर या पदवीचाही खुलासा हवा. घराण्याचे मूळ ठाणे डर्बीशरमध्ये आणि पदवी मात्र इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हनची, हे पाहून वाचक गोंधळतो. कोर्टनी घराण्याची डेव्हनची अर्लकी १५५६ मध्ये निर्वंश झाली असे मानले गेले होते, म्हणून १६१८ मध्ये राजा पहिला जेम्स याला ती पदवी कॅव्हेंडिशांना देता आली. पुढे १८३१ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने कोर्टनींच्या दूरच्या शाखेचा हक्क मान्य केला आणि तेव्हापासून डेव्हनचे अर्ल व डेव्हनशरचे ड्यूक असे दोन्ही मानकरी नांदत आहेत.

१९ जानेवारी २०२५

मुळाकडचा भाग तपासला. घराण्याचे नाव सफोक परगण्यातील कॅव्हेंडिश या गावावरून आले. त्या गावचा सर जॉन कॅव्हेंडिश हा राजाच्या न्यायपीठाचा सरन्यायाधीश होता आणि १३८१ च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी त्याला पकडून ठार मारले. येथपासून ट्यूडर काळातील थॉमस कॅव्हेंडिशपर्यंतच्या पिढ्या मी तक्त्यात तुटक रेघेने जोडणार आहे. जुन्या वंशावळकारांनी सरन्यायाधीशाच्याही मागे जाऊन घराण्याचे मूळ थेट नॉर्मन सरदारांपर्यंत नेले. तो भाग या तक्त्यात येणार नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत ज्या घराण्याला नवी पदवी मिळे, त्याला जुने पूर्वजही मिळत, हे इंग्लंडच्या वंशावळींचे अभ्यासक चांगले जाणतात.

ठाम जमीन थॉमस कॅव्हेंडिशपाशी लागते. तो राजाच्या खजिना खात्यात कारकून होता आणि १५२४ मध्ये वारला. त्याचे दोन मुलगे या कामासाठी महत्त्वाचे आहेत : जॉर्ज आणि विल्यम. आठव्या हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी याच्या पदरी राहून त्याचे चरित्र लिहिणारा कॅव्हेंडिश तो हाच जॉर्ज. डेव्हनशरच्या ड्यूकांचा मूळपुरुष विल्यम असल्यामुळे हे चरित्र त्यानेच लिहिले, अशी समजूत दीर्घकाळ रुजली होती आणि घराण्याच्या भरभराटीचे श्रेय वूल्झीशी त्याने राखलेल्या निष्ठेला दिले जाई. १८१४ मध्ये जोसेफ हंटर या अभ्यासकाने एक पुस्तिका लिहून हे कर्तृत्व थोरल्या जॉर्जचे असल्याचे दाखवून दिले. विल्यमच्या भरभराटीचे कारण वेगळेच होते. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा त्यांच्या मालमत्तेची मोजदाद करून ती ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये तो होता आणि त्या कामातून त्याने स्वतःही जमिनी मिळवल्या. हिरवी रेघ येथून सुरू होते, म्हणून तिच्या पहिल्या टोकाशी ‘मठांच्या जमिनी’ असे लिहिले आहे.

२ फेब्रुवारी २०२५

आज बेस हार्डविकचे पान पूर्ण केले. सगळ्या प्रकल्पातील हे सर्वांत समृद्ध पान आहे आणि त्याला घाईने उरकणे योग्य होणार नाही.

एलिझाबेथ हार्डविक, रूढ नावाने बेस, ही डर्बीशरमधल्या एका मध्यम जमीनदाराची मुलगी. जन्म साधारण १५२७ चा. तिची चार लग्ने झाली : रॉबर्ट बार्लो, सर विल्यम कॅव्हेंडिश, सर विल्यम सेंट लो आणि श्रूझ्बरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅलबट. चौघेही तिच्याआधी वारले आणि प्रत्येक वैधव्यानंतर ती आधीपेक्षा अधिक संपन्न होत गेली. मुले मात्र केवळ दुसऱ्या नवऱ्यापासून झाली. आठ जन्मली, सहा जगली, आणि इंग्लंडमधील अनेक ड्यूक घराणी या सहांमधून निघाली.

सर विल्यमने आपल्या टिपणवहीत हे लग्न आणि मुलांचे जन्म स्वतः नोंदवून ठेवले आहेत. हार्डविकच्या एलिझाबेथशी, म्हणजे आपल्या तिसऱ्या बायकोशी, आपले लग्न लेस्टरशरमधील ब्रॅडगेट येथे, सहाव्या एडवर्डच्या पहिल्या वर्षी २० ऑगस्टला, मध्यरात्रीनंतर दोन वाजता लागले, असे तो लिहितो. पहिली मुलगी फ्रान्सिस हिच्या जन्माची तर वेळही दिली आहे : १८ जून १५४८, सोमवार, दुपारी तीन ते चारच्या दरम्यान. जन्मवेळ इतक्या काटेकोरपणे टिपण्यामागे ग्रहमानाचा विचार होता. पत्रिका मांडण्याची पद्धत तेव्हा इंग्लंडच्या उमराव घरांत सर्रास होती. मराठी घरातील जुन्या वहीत ‘सूर्योदयात् घटी’ लिहिलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही वही परकी वाटणार नाही.

तारखांबाबत दोन नियम या पानावर पक्के केले. पहिला, राज्यवर्षाचे रूपांतर. सहाव्या एडवर्डचे पहिले वर्ष २८ जानेवारी १५४७ पासून मोजले जाते, म्हणून लग्नाचे साल १५४७. दुसरा, वर्षारंभाचा. इंग्लंडात १७५२ पूर्वी कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस यांत घडलेल्या घटनांवर कागदोपत्री मागचे साल पडते. बेसच्या डर्बी येथील समाधीवर मृत्यूचे साल १६०७ कोरलेले आहे, पण आजच्या गणनेने ती १३ फेब्रुवारी १६०८ ला वारली. त्याच लेखात तिचे वय ८७ दिले आहे, तेही जन्मसालाशी जुळत नाही; वय सुमारे ऐंशी धरायला हवे. दगडावर कोरलेले असले तरी ते वारसांनी कोरवलेले असते, हे ध्यानात ठेवूनच समाधिलेख वाचावा लागतो.

चॅट्सवर्थची जहागीर १५४९ मध्ये ६०० पौंडांना विकत घेतली गेली. सर विल्यमच्या जमिनी तोवर दक्षिणेकडे विखुरलेल्या होत्या. त्या मोडून डर्बीशरमध्ये, म्हणजे बेसच्या माहेरच्या मुलखात, जमीन गोळा करण्याचे धोरण या लग्नानंतरच दिसते. म्हणून तक्त्यात चॅट्सवर्थची हिरवी रेघ मी दोघांच्या नावांच्या मधोमध सुरू केली आहे. सर विल्यम १५५७ मध्ये सरकारचे सुमारे पाच हजार पौंडांचे देणे डोक्यावर ठेवून वारला आणि ते संकट निस्तरून जमीन राखण्याचे काम बेसनेच केले.

९ फेब्रुवारी २०२५

बेसच्या सहा मुलांच्या फांद्या काढल्या. फेब्रुवारी १५६८ मध्ये शेफील्ड येथे एकाच वेळी दोन लग्ने लागली : बेसचा थोरला मुलगा हेन्री आणि श्रूझ्बरीच्या अर्लची मुलगी ग्रेस, आणि अर्लचा मुलगा गिल्बर्ट व बेसची धाकटी मुलगी मेरी. आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात, तोच हा व्यवहार. मुलांची आई आणि मुलांचा बाप यांचेही लग्न त्याच सुमारास झालेले असल्याने तक्त्यात येथे तीन आडव्या रेघा एकमेकींवर येतात. त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून टॅलबट घराण्याची चौकट उजवीकडे सरकवली आहे.

दुसरी मुलगी एलिझाबेथ हिचे लग्न बेसने १५७४ मध्ये लेनॉक्सचा अर्ल चार्ल्स स्ट्यूअर्ट याच्याशी लावून दिले. त्यांची मुलगी आर्बेला ही सातव्या हेन्रीची खापरपणती, म्हणून इंग्लंडच्या गादीची एक संभाव्य हक्कदार. हा हक्कच तिच्या मुळावर आला : परवानगीवाचून लग्न केल्यामुळे ती कैदेत पडली आणि १६१५ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये वारली.

पदवी आणि जमीन यांची पहिली फारकत या पिढीत आहे. वडिलांच्या व्यवस्थेनुसार बेसच्या हयातीनंतर चॅट्सवर्थ थोरल्या हेन्रीला जायचे होते आणि ते बदलणे तिच्या हाती नव्हते. हेन्रीशी तिचे फाटले होते. म्हणून जे स्वतःचे होते, म्हणजे हार्डविकचा नवा वाडा आणि तिने स्वतः घेतलेल्या जमिनी, ते तिने मधला मुलगा विल्यम याला दिले. हेन्रीला औरस संतती नव्हती. आईच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, १६०९ मध्ये, विल्यमने भावाकडून चॅट्सवर्थ विकत घेतले. १६१८ मध्ये अर्ल झालेला तो हाच विल्यम. म्हणजे ज्या वाड्याच्या नावाने हे घराणे आज ओळखले जाते, तो पहिल्या अर्लकडे वारशाने आलेलाच नाही. छापील तक्त्यांतील एकाच उभ्या रेघेत ही गोष्ट पूर्ण लपते. हेन्रीच्या अनौरस मुलाचा वंशही टिकला आणि त्यातून पुढे लॉर्ड वॉटरपार्क यांची शाखा निघाली.

२३ फेब्रुवारी २०२५

तिसरा मुलगा चार्ल्स याची शाखा आज पूर्ण केली. भारताच्या इतिहासाशी जोडणारा दुवा हिच्यातच आहे.

चार्ल्सचा मुलगा विल्यम हा यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढलेला सेनापती, पुढे न्यूकॅसलचा ड्यूक. त्याचा मुलगा दुसरा ड्यूक हेन्री १६९१ मध्ये मुलगा मागे न ठेवता वारला आणि तेथून या शाखेची जमीन लागोपाठ तीन पिढ्या मुलींकडून पुढे गेली. हेन्रीची मुलगी मार्गारेट हिचे लग्न जॉन होल्सशी झाले. त्यांची मुलगी हेन्रिएटा हिचे एडवर्ड हार्लीशी. आणि त्यांची मुलगी मार्गारेट हार्ली हिचे १७३४ मध्ये पोर्टलंडचा दुसरा ड्यूक विल्यम बेंटिंक याच्याशी. प्रत्येक लग्नात घराण्याचे नाव बदलले आणि वेल्बेकचा वाडा व भोवतालची जमीन मात्र तीच राहिली. आईच्या वारशाची खूण म्हणून पोर्टलंडच्या पुढच्या पिढ्यांनी कॅव्हेंडिश-बेंटिंक असे जोडनाव घेतले.

पोर्टलंडचा तिसरा ड्यूक, जो दोनदा पंतप्रधान झाला, त्याने १७६६ मध्ये डेव्हनशरच्या चौथ्या ड्यूकची मुलगी लेडी डॉरथी कॅव्हेंडिश हिच्याशी लग्न केले. १७७४ मध्ये जन्मलेला त्यांचा दुसरा मुलगा म्हणजे लॉर्ड विल्यम बेंटिंक, १८२८ ते १८३५ या काळातील गव्हर्नर जनरल, ज्याने डिसेंबर १८२९ मध्ये सती जाण्यास कायद्याने बंदी घातली. त्याच्या दोन्ही बाजू आज पिढीवार मोजल्या. वडिलांकडून : बेस, चार्ल्स, विल्यम, हेन्री, मार्गारेट, हेन्रिएटा, मार्गारेट हार्ली, तिसरा ड्यूक, लॉर्ड विल्यम. आईकडून : बेस, पहिला अर्ल, दुसरा अर्ल, तिसरा अर्ल, पहिला ड्यूक, दुसरा, तिसरा, चौथा, डॉरथी, लॉर्ड विल्यम. म्हणजे बेसपासून तो वडिलांकडून आठव्या आणि आईकडून नवव्या पिढीत येतो. दोनशे वर्षांपूर्वी भावाभावांत फुटलेल्या दोन फांद्या या लग्नात पुन्हा जुळल्या, आणि त्या जुळणीतील धाकटा मुलगा, ज्याच्या वाट्याला यातली कोणतीही मोठी जमीन येणार नव्हती, तो नोकरीसाठी कलकत्त्याला गेला. कंपनीच्या राज्यातील कितीतरी मोठ्या नेमणुकांची मुळे धाकट्या मुलांच्या या स्थितीत सापडतात. लॉर्ड विल्यमचा धाकटा भाऊ लॉर्ड चार्ल्स याच्या वंशात राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आजीचा, सेसिलिया कॅव्हेंडिश-बेंटिंक हिचा, जन्म झाला. ती रेघ तक्त्यात केवळ बाणाने दाखवली आहे.

९ मार्च २०२५

मुख्य खोडावरील पहिला ते तिसरा ड्यूक यांची पाने उरकली. पहिल्या ड्यूकने १६८८ मध्ये ऑरेंजच्या विल्यमला, म्हणजे पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या डच राजपुत्राला, इंग्लंडात येण्याचे निमंत्रण देणाऱ्या सात जणांच्या पत्रावर सही केली आणि १६९४ मध्ये त्याला ड्यूकची पदवी मिळाली. चॅट्सवर्थचा आजचा वाडा मुख्यतः त्याने बांधलेला. दुसऱ्या ड्यूकचा नातू म्हणजे शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०). त्याचे वडील लॉर्ड चार्ल्स हे धाकटे मुलगे असल्याने हेन्रीला पदवी नव्हती, आणि आईकडून तो केंटच्या ड्यूकचा नातू होता.

चौथ्या ड्यूकच्या पानावर मात्र थांबावे लागले. त्याने १७४८ मध्ये शार्लट बॉयलशी लग्न केले. बर्लिंग्टनचा तिसरा अर्ल रिचर्ड बॉयल याची ती एकुलती उरलेली वारस. अर्ल १७५३ मध्ये वारला, आणि शार्लट स्वतः १७५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. एवढ्या अल्पायुषी स्त्रीमुळे घराण्यात काय आले त्याची यादी तक्त्यात सविस्तर दिली आहे : यॉर्कशरमधील बोल्टन ॲबी आणि लंड्झबरो, आयर्लंडमधील लिझमोर किल्ला, लंडनमधील बर्लिंग्टन हाऊस आणि शहराबाहेरचे चिझिक हाऊस. चौथा ड्यूक १७५६–५७ मध्ये पंतप्रधान होता आणि चरित्रकोशांत त्याच्या नावावर त्या काही महिन्यांची कारकीर्द ठळक असते. घराण्याच्या इतिहासात त्या पंतप्रधानकीपेक्षा हे सहा वर्षांचे लग्न कितीतरी मोठे आहे.

शार्लटबरोबर एक पदवीही आली : क्लिफर्डची बॅरनकी. तिची उत्पत्ती चमत्कारिक आहे. १६२८ मध्ये हेन्री क्लिफर्ड याला, त्याच्या वडिलांकडे जुनी बॅरनकी आहे असे समजून, सभागृहात येण्याचे आज्ञापत्र पाठवले गेले. ती समजूत चुकीची होती. पण आज्ञापत्र निघाले होते, म्हणून त्यातूनच एक नवी बॅरनकी निर्माण झाली असे कायद्याने मानले. अशी बॅरनकी मुलींकडेही जाते. ड्यूकची पदवी केवळ पुरुषवंशाने आणि ही बॅरनकी दोन्हींकडून, असे दोन वेगळे नियम एकाच माणसाच्या अंगावर आले. त्याचा परिणाम एका शतकानंतर दिसला.

१६ मार्च २०२५

पाचव्या ड्यूकचे (१७४८–१८११) घर. १७७४ मध्ये त्याचे लग्न जॉर्जियाना स्पेन्सरशी झाले. तीन औरस मुले : जॉर्जियाना (१७८३), हॅरिएट (१७८५) आणि १७९० मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेला विल्यम. तिसरी व्यक्ती लेडी एलिझाबेथ फॉस्टर त्याच घरात राहत होती आणि जॉर्जियानाच्या मृत्यूनंतर १८०९ मध्ये ती ड्यूकची दुसरी पत्नी झाली. पण तिला त्याच्यापासून झालेली दोन्ही मुले, कॅरोलिन सेंट ज्यूल्स आणि ऑगस्टस क्लिफर्ड, लग्नाच्या कितीतरी आधीची. लग्नाआधीच्या संबंधातून झालेली शार्लट विल्यम्स ही ड्यूकची आणखी एक मुलगी. जॉर्जियानाला चार्ल्स ग्रे याच्यापासून १७९२ मध्ये झालेली एलायझा कोर्टनी ही ग्रे याच्या आईवडिलांकडे वाढली.

या चारही मुलांना पूर्ण आकाराच्या चौकटी दिल्या आहेत आणि रेघ तुटक ठेवली आहे. त्यांच्या आडनावांकडे लक्ष दिले की घराण्याची वागणूक कळते. चौघांपैकी एकालाही कॅव्हेंडिश हे नाव मिळाले नाही. ऑगस्टसला मात्र क्लिफर्ड हे नाव दिले गेले, म्हणजे त्याच बॅरनकीचे नाव, जिचा हक्क त्याला कधीच मिळणार नव्हता. तो नौदलात गेला, पुढे बॅरोनेट झाला आणि १८३२ पासून १८७७ पर्यंत लॉर्ड्स सभागृहाचा ‘ब्लॅक रॉड’, म्हणजे मुख्य चोपदार-अधिकारी होता. ज्या सभागृहात त्याचा सावत्र भाऊ सहावा ड्यूक म्हणून बसत असे, त्याच्या दाराची व्यवस्था त्याच्याकडे होती.

३० मार्च २०२५

१८५८ चा वारसा आज तक्त्यात बसला.

सहावा ड्यूक अविवाहित राहिला आणि जानेवारी १८५८ मध्ये वारला. पोटचा मुलगा नसेल तर दत्तक घेऊन पदवी पुढे चालवण्याची सोय इंग्लंडच्या कायद्यात नव्हती, आजही नाही. म्हणून मागे जाऊन पुरुषवंश शोधावा लागला. पाचव्या ड्यूकचा धाकटा भाऊ लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिश (१७५४–१८३४); त्याचा थोरला मुलगा विल्यम १८१२ मध्ये गाडीच्या अपघातात बापाआधीच गेला; त्याचा मुलगा विल्यम (१८०८–१८९१) हा सातवा ड्यूक झाला. मराठीत नाते सांगणे सोपे आहे : तो सहाव्या ड्यूकचा चुलत पुतण्या.

पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धेच नाते सांगितले जाईल. या विल्यमने १८२९ मध्ये लेडी ब्लांश हॉवर्डशी लग्न केले होते, आणि ब्लांश ही सहाव्या ड्यूकच्या थोरल्या बहिणीची, जॉर्जियानाची, मुलगी. म्हणजे वारस हा चुलत पुतण्याही होता आणि भाचेजावईही. त्यामुळे पाचव्या ड्यूकचे आणि सुप्रसिद्ध जॉर्जियानाचे रक्त आठव्या ड्यूकमध्ये आजीकडून परत आले. ज्या वंशावळी ब्लांशच्या नावापुढे केवळ ‘कार्लाइलच्या अर्लची कन्या’ असे लिहून थांबतात, त्यांत सहाव्या ड्यूकपाशी झाड तुटल्यासारखे दिसते. तांबडी रेघ खरोखरच तुटून बाजूला सरकते. आईकडची रेघ काढली की ते वर्तुळ पूर्ण होते.

क्लिफर्डची बॅरनकी त्याच दिवशी वेगळी झाली. ती मुलींकडे जाणारी असल्याने चुलत पुतण्याला मिळाली नाही. सहाव्या ड्यूकच्या दोन बहिणी सारख्याच हक्कदार ठरल्या. ड्यूकच्या जमिनीबाबत थोरला सगळे घेतो, पण बहिणींमध्ये थोरली-धाकटी असा भेद हा कायदा करत नाही. दोघींचा हक्क समान असल्याने पदवी कोणालाच मिळाली नाही आणि ती स्थगित राहिली. तांबड्या रेघेचे दोन धागे होऊन दोन्ही अधांतरी थांबतात, असे या ठिकाणी काढले आहे.

लॉर्ड जॉर्जची फांदी इतकी भक्कम का होती, याचेही उत्तर हिरव्या रेघेत मिळाले. त्याची पत्नी लेडी एलिझाबेथ कॉम्प्टन ही नॉर्थॅम्प्टनच्या सातव्या अर्लची वारस. ईस्टबोर्न येथील कॉम्प्टन प्लेस तिच्याकडून आले. शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश १८१० मध्ये अविवाहित वारला तेव्हा त्याच्या प्रचंड संपत्तीचा मुख्य वाटा या चुलत पुतण्यालाच, म्हणजे लॉर्ड जॉर्जला, मिळाला. पुढे १८१५ मध्ये लॉर्ड जॉर्जने आपल्या पुतण्याकडून, म्हणजे सहाव्या ड्यूककडून, बर्लिंग्टन हाऊस ७०,००० पौंडांना विकत घेतले आणि १८३१ मध्ये बर्लिंग्टनची अर्लकी त्याच्यासाठी नव्याने निर्माण झाली. त्याचा नातू सातवा ड्यूक स्वतः गणिती होता, केंब्रिज विद्यापीठाचा कुलपती झाला आणि १८७० मध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी ६,३०० पौंड देऊ केले. त्या प्रयोगशाळेला आज कॅव्हेंडिश हे नाव आहे.

१३ एप्रिल २०२५

सहाव्या ड्यूकच्या चौकटीखाली एक टीप जोडली. चॅट्सवर्थच्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेले केळीचे एक बुटके झाड काचघरात वाढवले. १८३५ मध्ये ते फुलले आणि धन्याच्या घराण्यावरून त्या जातीला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगाव, रावेर, यावल या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या लावली गेलेली बसराई आणि आता सर्वत्र पसरलेली ग्रँड नैन या दोन्ही केळी त्याच कॅव्हेंडिश गटातल्या. निर्वंश ठरलेल्या माणसाच्या घराण्याचे नाव त्याच्या काचघरामुळे खानदेशातील शेतकऱ्याच्या बोलण्यात पोहोचले, याचा उल्लेख मराठी वंशावळीत असायलाच हवा.

२७ एप्रिल २०२५

आठव्यापासून अकराव्या ड्यूकपर्यंतची पाने. आठवा ड्यूक स्पेन्सर कॉम्प्टन, या क्रमातला पहिला विल्यम नसलेला, हा लॉर्ड हार्टिंग्टन म्हणून १८८० ते १८८२ या काळात भारतमंत्री होता. त्याचा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक याचा ६ मे १८८२ रोजी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये खून झाला. दोघांनाही संतती नव्हती. तिसरा भाऊ लॉर्ड एडवर्ड १८९१ मध्ये वडिलांच्या काही महिने आधी वारला होता, म्हणून १९०८ मध्ये त्याचा मुलगा व्हिक्टर नववा ड्यूक झाला. त्याची पत्नी एव्हलिन ही भारताचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन याची मुलगी.

येथून हिरवी रेघ बारीक होत जाते. १८९४ च्या कायद्याने मोठ्या मिळकतींवर मृत्युकर बसला आणि प्रत्येक वारशाबरोबर जमिनीचा एक तुकडा सरकारकडे जाऊ लागला. लंडनचे डेव्हनशर हाऊस १९२० मध्ये विकले गेले आणि त्यानंतर पाडले गेले. दहावा ड्यूक एडवर्ड याचा थोरला मुलगा विल्यम याने ६ मे १९४४ रोजी कॅथलीन केनेडीशी, म्हणजे पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडीच्या बहिणीशी, लग्न केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेल्जियममध्ये तो लढाईत पडला. वारसा धाकट्या अँड्र्यूकडे वळला. कर वाचवण्यासाठी दहाव्या ड्यूकने १९४६ मध्ये मिळकत आधीच हस्तांतरित केली होती. मात्र त्यानंतर पाच वर्षे तो जगणे कायद्याने आवश्यक होते. २६ नोव्हेंबर १९५० रोजी, मुदत भरण्यास काही महिने उरले असताना, तो वारला आणि मिळकतीवर ८० टक्के दराने कर लागला.

या कराच्या फेडीत हार्डविकचा वाडा सरकारकडे गेला आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात आला. बेसने स्वतःच्या पैशाने बांधलेला आणि मनोऱ्यांवर स्वतःची आद्याक्षरे बसवलेला हा वाडा अशा रीतीने हिरव्या रेघेतून बाहेर पडतो. चॅट्सवर्थ टिकले, १९८१ पासून त्याची व्यवस्था एका सार्वजनिक न्यासाकडे आहे आणि ड्यूकचे कुटुंब तेथे न्यासाला भाडे देऊन राहते. तक्त्यात चॅट्सवर्थची रेघ त्या वर्षापासून ठिपक्यांची केली आहे, आणि तांबडी रेघ अकराव्या ड्यूकच्या मृत्यूनंतर, म्हणजे २००४ मध्ये, बाराव्या ड्यूकपाशी आणून थांबवली आहे.

४ मे २०२५

मुख्य पत्रक पुरे झाले. बेसची थोरली मुलगी फ्रान्सिस (सासरचे आडनाव पीअरपॉइंट) हिची, म्हणजे किंग्स्टनच्या ड्यूकांची शाखा स्वतंत्र पत्रकावर जाईल. ती मुख्य पत्रकात कोंबली तर बेसच्या मुलींची रांग वाचता येत नाही. पोर्टलंडच्या पत्रकावर वेल्बेकची हिरवी रेघ १६९१ पासून रंगवायला घेतली असून, न्यूकॅसलचा दुसरा ड्यूक हेन्री याच्या इच्छापत्रात एका मुलीला सर्व मिळाल्यावर इतर बहिणींच्या नवऱ्यांनी लावलेले दावे तिच्या कडेला सालवार लिहिले जातील.